कोर्टाच्या पायरीच्या अलीकडे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या वेळा उच्चारली जाते की, तिच्या खरेखोटेपणाचा विचार करण्याची कोणास गरजच वाटत नाही. आम्हांस मात्र ती अपुरी वाटते. पायरी चढून ज्यांनी आपला पैसा आणि आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली, असे लोक आहेतच. परंतु पायरी चढण्याची वेळ येण्यापूर्वीच, घरच्या ओसरीवर, तलाठ्याच्या चावडीत किंवा एखादी रक्कम स्वीकारताना केलेल्या एका सहीत ज्यांचे नुकसान होऊन चुकले, अशांची कोणी गणती करीत नाही. त्यांचा कज्जा कधी उभाच राहत नाही. आणि उभा राहिला, तर न्यायाधीशासमोर येण्यापूर्वीच तो हरलेला असतो.

वकील उभा राहतो तो बहुधा कज्जाच्या उत्तरार्धात. त्याच्या आधीचे जे काम, म्हणजे कागद जमविणे, मुदती सांभाळणे, पक्षकाराच्या लांबलचक हकिकतीतून कायद्याचा मुद्दा निवडून काढणे, आणि प्रसंगी 'हा दावा करू नका' असे तोंडावर सांगणे, ते कोणी करावयाचे? ज्याच्याकडे हे काम येते त्यास आज कायदे-सल्लागार म्हणतात. मोठ्या कंपन्यांतून तो पगारी असतो. शहरांतून त्याची स्वतंत्र कचेरी असते. खेड्यात त्यास पाटीही नसते. वकील आणि पक्षकार या दोघांमधल्या या माणसाविषयी या महिन्यात चार शब्द लिहावे, असे आम्ही योजिले आहे.

हा विषय आम्ही मुंबईच्या फोर्ट विभागातील कचेऱ्यांवरून न मांडता भोर तालुक्यातील हिर्डोशीच्या खोऱ्यावरून मांडणार आहोत. सल्लागाराची खरी किंमत तो जेथे सहज मिळत नाही तेथेच कळते. भोर सोडून वरंध घाटाने महाडकडे जाणारा रस्ता धरिला की, नीरा नदीवरील देवघरच्या धरणाचा जलाशय दिसू लागतो, आणि त्याच्या काठाकाठाने जाता जाता हिर्डोशी लागते. मुलूख अतिपावसाचा. खाली भाताची खाचरे आणि वर डोंगरउतारावर नाचणी-वरी, अशी शेती. जमिनीचे तुकडे लहान आणि एकेका तुकड्यावर नावे अनेक. घरातील एक भाऊ गावी, दुसरा पुण्यात, तिसरा मुंबईत आणि बहिणी चार गावी दिलेल्या, असा संसार येथे नवा नव्हे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे मूळ गाव याच मावळपट्ट्यात असेल, आणि गावच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव अजून तसेच असेल.

अशा ठिकाणी कायद्याचे एकेक दार एकेका गावी असते. तलाठी जवळ, तहसील आणि दिवाणी न्यायालय भोरला, जिल्हाधिकारी आणि जिल्हा न्यायालय पुण्यास, उच्च न्यायालय मुंबईस. कोणत्या कामास कोणत्या दारी जावे, हेच ज्यास ठाऊक नाही त्याचा पहिला दिवस भोरला जातो, दुसरा पुण्यास, आणि तिसऱ्या खेपेस मुदत टळलेली असते.

पूर्वी या खोऱ्यात ही माहिती कोणाकडे होती? हा प्रदेश जुन्या हिरडस मावळाचा. इ. स. १६६० मध्ये घोडखिंडीत देह ठेवणारे बाजीप्रभू हे याच मावळाचे देशपांडे. त्यांची तलवार आपणां सर्वांस ठाऊक आहे. देशपांडे या हुद्द्याचे नित्याचे काम मात्र दप्तराचे होते, हे आपण विसरतो. परगण्याचा जमाखर्च, जमिनीची मोजदाद, कोणाचे वतन कोठून कोठवर, हे सारे देशपांड्याच्या रुमालात बांधलेले असे. तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, साक्षीपुरावे होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. मावळातील देशमुख-देशपांडे घराण्यांचे जे जुने कागद इतिहाससंशोधकांनी उजेडात आणिले, त्यांत वतनाच्या तंट्यांचे असे महजर जागोजाग आढळतात. ज्याच्याजवळ कागद त्याच्या शब्दास वजन, ही गोष्ट इंग्रजी न्यायालये येण्यापूर्वीच मावळच्या माणसास पक्की ठाऊक होती.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. दप्तर सांभाळणारा स्वतःच वतनदार. तेव्हा गरीब कुळाच्या बाजूचा कागद तो कितपत तत्परतेने काढून देत असेल, याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले, १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने रद्द झाली, आणि दप्तर सरकारी नोकराच्या हाती आले. हे योग्यच झाले. परंतु वंशपरंपरेचा जाणकार गेला तरी जाणकाराची गरज काही गेली नाही. उलट कुळकायदा, वारसा कायदा, भूसंपादन, पुनर्वसन, नोंदणी असे कायद्यांमागून कायदे आले, तसतशी ती वाढतच गेली.

ही गरज किती खरी आहे, हे दाखविण्यास भूसंपादनाचे एकच उदाहरण पुरे होईल. धरणे, कालवे आणि रस्ते यांसाठी आपल्याकडे ज्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांपैकी बहुतेक १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. या कायद्यात निवाडा भूसंपादन अधिकारी देई. तो मान्य नसेल, तर मालकाने प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्यासाठी लेखी अर्ज करावयाचा. निवाड्याच्या वेळी मालक हजर असेल तर मुदत सहा आठवड्यांची. हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. हा उशीर माफ करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास नव्हता.

याहून बारीक गोष्ट पुढेच आहे. मोबदल्याची रक्कम घेताना मालकाने 'निषेध नोंदवून स्वीकारीत आहे' अशा अर्थाचे शब्द लिहिले नाहीत, तर त्यास पुढे न्यायालयात वाढीव रक्कम मागण्याचा हक्कच उरत नसे. दोन-चार शब्दांची ती नोंद. पण ती न केल्यास काय गेले? न्यायालयाने मोबदला वाढविला असता तर बाजारभावावर शेकडा ३० प्रमाणे दिलासा-रक्कम वाढीव भागावरही मिळाली असती, आणि ताबा गेल्यापासून पहिल्या वर्षी शेकडा ९ व पुढे शेकडा १५ दराने व्याज देण्याचा अधिकारही न्यायालयास होता. ज्या शेतकऱ्याने पैसे मोजून घेऊन मुकाट्याने अंगठा उठविला, त्यास पुढे कितीही नामांकित वकील दिला तरी त्या वकिलाच्या हाती काही राहत नसे. आणि ज्यास त्या दिवशी कचेरीच्या दारात कोणी तरी 'हे शब्द लिहा, मग सही करा' असे सांगितले, त्याचे दार उघडे राहिले. सल्लागार म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या आम्हांस सुचत नाही.

१९८४ मध्ये याच कायद्यात एक कनवाळू दुरुस्ती झाली. एकाच अधिसूचनेखाली जमिनी गेलेल्यांपैकी एखाद्याने न्यायालयात जाऊन मोबदला वाढवून घेतला, तर ज्यांनी अर्जच केला नव्हता त्यांसही त्याच प्रमाणात वाढ मागता येऊ लागली. पण येथेही मुदत आहेच. न्यायालयाच्या त्या निवाड्यापासून तीन महिने. आता शेजाऱ्याच्या दाव्याचा निकाल पुण्यास लागला, ही बातमी खोऱ्यातील म्हातारीस तीन महिन्यांच्या आत कोण सांगणार? कायद्याने दया दाखविली. ती घरपोच करण्याची तजवीज मात्र कायद्यात नव्हती. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा अमलात आहे. त्यात दिलासा-रक्कम शेकडा १०० झाली, आणि उशिरा आलेला अर्ज सबळ कारण असल्यास आणखी एक वर्षापर्यंत घेता येतो. तथापि सहा आठवड्यांची मूळ मुदत आणि निषेध नोंदविण्याची अट या दोन्ही गोष्टी त्या कायद्यातही तशाच आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पक्षकारास सल्लागाराकडून मिळावयाचे ते एवढेच नव्हे. पक्षकार आपली हकिकत सांगू लागतो तेव्हा तो मनातील सल सांगत असतो. चुलत्याने लग्नात मान दिला नाही, भावाने आईच्या आजारपणात तोंड फिरविले, येथपासून गोष्ट सुरू होते आणि बांध कोठे सरकला हे अर्ध्या तासाने कळते. ती सारी हकिकत शांतपणे ऐकून तीतील दाव्यास उपयोगी तेवढे निवडणे, हे धीराचे काम आहे. आणि त्याहून अवघड काम म्हणजे नाही म्हणणे. फेरफारात नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. ती नोंद महसुलाच्या सोयीसाठी असते, तिने मालकी मिळत नाही की जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. केवळ तेवढ्या नोंदीच्या बळावर भावावर दावा ठोकण्यास निघालेल्या गृहस्थास 'घरी जा आणि आधी मूळ कागद शोधा' असे जो सांगतो, तो त्या दिवसाची आपली फी बुडवितो. परंतु एका घराची दहा वर्षे वाचवितो.

आता वकिलाच्या बाजूने पाहू. भोर किंवा पुण्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाच्या मेजावर जेव्हा गाठोडे सोडले जाते, तेव्हा त्यात कागद असतात, पण क्रम नसतो. कोणता फेरफार आधीचा, कोणता मागाहूनचा. गट एकत्रित होण्यापूर्वी सर्व्हे नंबर कोणता होता. मृत्यूचा दाखला कोणाचा आहे आणि कोणाचा राहिला आहे. हे सारे लावून, तारीखवार टिपण करून, प्रमाणित नकला जोडून देणारा साहाय्यक मिळाला म्हणजे वकिलास युक्तिवादाचा विचार करण्यास अवसर मिळतो. असे टिपण नसेल, तर वकील पहिल्या तारखेस पुढची तारीख मागतो. पक्षकार त्याच्या नावाने बोटे मोडतो. परंतु दोष पुष्कळदा त्या विस्कळीत गाठोड्याचा असतो.

यातच मोडीचा प्रश्न येतो. संस्थानी अमलातील आणि त्यापूर्वीचे महसुली कागद, खरेदीखते, वाटणीपत्रे पुष्कळशी मोडी लिपीत आहेत. आज तरुण वकिलांपैकी ज्यांस मोडी वाचता येते असे विरळा. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरे उघडावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वांस एकाएकी जाणवली. खोऱ्यातील एखाद्या घरात पणजोबांच्या पेटीत तीस वर्षांहून जुना दस्तऐवज निघाला आणि तो जेथून निघावयास हवा अशाच ठिकाणी सुरक्षित होता असे दिसले, तर तो खरा असल्याचे गृहीत धरण्याची मुभा पुराव्याच्या कायद्याने न्यायालयास दिलेली आहे. परंतु तो वाचावयाचा कोणी? जो वाचतो, त्याचे शुद्ध लिप्यंतर करितो आणि जरूर तर न्यायालयात उभा राहून आपल्या वाचनाची जबाबदारी घेतो, तोही वकिलाचा साहाय्यकच होय.

वकील आणि पक्षकार यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट अशा दोन वेगळ्या पायऱ्या दीर्घकाळ होत्या. पक्षकाराने सॉलिसिटरकडे जावे. सॉलिसिटरने कागद पाहावे, कैफियत तयार करावी, कोणास उभे करावयाचे ते ठरवावे. आणि ॲडव्होकेटने न्यायाधीशासमोर बोलावे. ही दुहेरी पद्धत खर्चाची होती आणि १ जानेवारी १९७७ पासून ती कायद्याने बंद झाली. परंतु तीत एक शहाणपण होते. बोलणारा आणि तयारी करणारा हे दोघे वेगळे असल्यामुळे प्रत्येक कज्जाकडे दोन डोक्यांतून पाहिले जाई, आणि तयारी करणाराही त्याच न्यायालयास जबाबदार असे.

या मधल्या कामाचे मोल जाणणारी एक बाई आपल्या महाराष्ट्रातच जन्मली. कॉर्नेलिया सोराबजी या १८६६ साली नाशिक येथे जन्मल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. १८९२ साली त्यांनी ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. तेथवर पोहोचलेल्या त्या पहिल्याच स्त्री. पण स्त्री म्हणून वकिलीची सनद त्यांस ना विलायतेत मिळे ना येथे. तेव्हा १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या साहाय्यक म्हणून त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या कायदे-सल्लागाराचे काम हाती घेतले. या विधवा व अल्पवयीन वारसांच्या नावे मोठमोठ्या इस्टेटी असत. परंतु परपुरुषासमोर येण्याची मुभा नसल्यामुळे त्यांस वकिलाशी बोलता येत नसे, आणि जे काही कळे ते कारभाऱ्याच्या तोंडून. सोराबजी पडद्याआड जाऊन त्या स्त्रियांचे म्हणणे ऐकत, आणि बाहेर येऊन ते कायद्याच्या भाषेत मांडीत. अशा शेकडो स्त्रियांचे काम त्यांनी केले. स्त्रियांस वकिली करण्यास मोकळीक देणारा कायदा १९२३ साली झाला, आणि त्यानंतरच त्यांस न्यायालयात रीतसर उभे राहता आले.

या उदाहरणाचा आमच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. हिर्डोशीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यापुढे कापडाचा पडदा नाही. परंतु अंतराचा पडदा आहे, भाषेचा आहे, संकोचाचा आहे. मुंबईस उच्च न्यायालयात त्याच्या जमिनीविषयी इंग्रजीत जे बोलले जाते, त्यातील एक वाक्यही त्यास कळत नाही. आणि त्याच्या मनात जे आहे ते तेथवर पोहोचत नाही. दोन्हीकडची भाषा जाणणारा माणूस मध्ये असल्याशिवाय हा पडदा दूर होत नाही.

येथवर आम्ही सल्लागाराची थोरवी सांगितली. आता दुसरी बाजू सांगितली नाही तर वाचकांची दिशाभूल होईल. तहसील कचेरीच्या झाडाखाली, न्यायालयाच्या फाटकाशी, 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत' असे म्हणत जवळ येणारा इसमही स्वतःस सल्लागारच म्हणवितो. त्याच्या सल्ल्याचे पैसे आगाऊ असतात आणि जबाबदारी कशाचीच नसते. या दोघांतील भेद कसा ओळखावा?

कायद्याचे उत्तर असे आहे. १९६१ च्या वकील अधिनियमानुसार कायद्याचा व्यवसाय करण्याचा अधिकार केवळ सनदी वकिलांस आहे. व्यवसाय म्हणजे न्यायालयात उभे राहणे एवढेच, की सल्ला देणे आणि मसुदे लिहिणे हेही त्यात आले, असा वाद परदेशी वकिली कंपन्यांच्या मुंबईतील कचेऱ्यांवरून निघाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली निर्णय दिला की, न्यायालयाबाहेरचे हे कामही व्यवसायातच मोडते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच मत कायम केले. कागदांची जुळवाजुळव, टंकलेखन, नकला असे साहाय्यक काम करणाऱ्या संस्थांस या बंदीची बाधा आपोआप पोहोचत नाही. परंतु साहाय्याच्या नावाखाली प्रत्यक्ष वकिलीच चालत असेल तर ती बाधा येते. तात्पर्य, कागद लावून देणारा माणूस सनदी नसला तरी चालेल. पण 'दावा करा' किंवा 'तडजोड करा' हा निर्णयाचा सल्ला सनद असलेल्याकडूनच घ्यावा. पक्षकार गाठून आणून वकिलाकडून दलाली घेणाऱ्यांविषयी २०२३ च्या दुरुस्तीने वकील अधिनियमातच स्वतंत्र कलम घातले आहे. उच्च व जिल्हा न्यायालयांस अशांची यादी प्रसिद्ध करता येते, आणि यादीतील इसमाने तोच उद्योग पुढे चालविल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा भेद गुप्ततेचा, आणि तो आमच्या सुशिक्षित वाचकांपैकीही थोड्यांस ठाऊक असतो. पक्षकाराने आपल्या वकिलास विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलास उघड करता येत नाही. वकिलाचा कारकून आणि दुभाषी यांसही हेच बंधन आहे. परंतु कोणत्याही वकिलाच्या हाताखाली नसलेल्या हौशी सल्लागारास जे सांगाल, त्यास हे कवच नाही. उद्या त्यास साक्षीस बोलाविले तर तो ते सांगू शकतो. कंपनीच्या पगारी कायदे-अधिकाऱ्यासही वकिलाचे हे संपूर्ण संरक्षण लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा घरातील नाजूक गोष्ट बोलण्यापूर्वी समोरचा माणूस कोणाच्या जबाबदारीवर काम करीत आहे, हे विचारून घ्यावे. त्यात संकोच कसला?

तिसरा भेद पैशाचा. मोबदल्याच्या कामात 'आता काही देऊ नका, रक्कम वाढली की तीतून इतके टक्के द्या' असा सौदा ऐकण्यास गोड लागतो. परंतु निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास वकील परिषदेच्या नियमांनी वकिलास मनाई आहे, आणि टक्केवारीची अशी फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. कारण उघड आहे. ज्याचा वाटा निकालात आहे, त्यास तुमची तडजोड परवडत नाही.

चौथी गोष्ट आपल्या घरांतील आहे, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वडील वारले म्हणजे गावच्या जमिनीचा प्रश्न निघतो. भाऊ एक सल्लागार गाठतो. तो हक्कसोडपत्राचा मसुदा करितो. आणि दिवाळीस माहेरी आलेल्या बहिणींपुढे कागद ठेविला जातो. कोणाच्या मनात वाईट असतेच असे नाही. परंतु त्या सल्लागारास नेमिले भावाने, पैसे दिले भावाने, आणि बहिणीस 'यात काही नाही, सही करा' असे सांगतो तोच! वडिलार्जित मिळकतीत मुलींस महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि सबंध देशात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळालेला आहे. २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीस जन्माने आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निश्चित केले. हक्क सोडणे हा बहिणीचा अधिकार आहे, आणि प्रेमाने सोडला तर त्यात शोभाच आहे. पण आपण काय सोडीत आहो हे तिला तिच्या स्वतःच्या सल्लागाराने सांगितलेले असावे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागाहून रद्द करून घेणे अत्यंत कठीण असते. एकाच सल्लागाराने देणारा आणि घेणारा अशा दोघांचेही हित पाहावे, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावास धरून नाही. दोन सल्लागार घेतल्याने घरात दुही माजते, असे काही वडीलधारी म्हणतील. आमचा अनुभव निराळा आहे. न समजून केलेली सही वीस वर्षांनी समजते तेव्हाच भाऊबीज बंद पडते.

गरिबाने हे सारे कोठून आणावे, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. राज्यघटनेत ३९-अ हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आले आणि मोफत कायदेविषयक साहाय्याची तरतूद करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यानुसार झालेला १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याखाली जिल्हा व तालुका पातळीवर समित्या असतात. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांस त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी तेथे सल्ला आणि वकील विनामूल्य मिळू शकतो. इतरांस उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. २००९ पासून या व्यवस्थेत विधी स्वयंसेवक नेमण्यात येऊ लागले. ते वकील नव्हेत. गावातील माणसास योग्य दारापर्यंत नेऊन पोहोचविणे हे त्यांचे काम. हिर्डोशीसारख्या खोऱ्यास अशा माणसाची जितकी गरज, तितकी पुण्याच्या पेठांस नाही. गावाकडे जाणाऱ्या आमच्या सुशिक्षित वाचकांनी निदान ही माहिती आपल्या वाड्याच्या शेजाऱ्यास, आपल्या खाचरात राबणाऱ्या माणसास आणि घरी कामास येणाऱ्या बाईस सांगावी, एवढी विनंती आम्ही करितो. तीस खर्च नाही.

आता व्यवहाराचे चार बोल. सल्लागार नेमताना तो सनदी आहे की नाही, नसल्यास कोणत्या वकिलाच्या हाताखाली काम करितो, हे विचारावे. फी किती आणि कोणत्या कामाची, हे लिहून घ्यावे. मूळ कागद कोणाच्याही स्वाधीन करू नये. नकला द्याव्या आणि मूळ द्यावेच लागले तर पोच घ्यावी. या कामाची शेवटची तारीख कोणती, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा आणि उत्तर घरच्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवावे. माझ्या बाजूने कच्चे काय आहे, हेही विचारावे. ज्यास सर्वच पक्के दिसते त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. आणि सल्लागाराने वकिलास काय कळविले, याची एक प्रत आपणांजवळ मागावी. म्हणजे आपण सांगितले एक आणि पोहोचले दुसरेच, असे होणार नाही.

चांगला सल्लागार मिळाला म्हणजे कज्जा जिंकतोच, असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयाचा निकाल कायद्यावर आणि पुराव्यावर लागतो, आणि कधी कधी तो आपल्या विरुद्धच लागावयास हवा असतो. परंतु हरणाऱ्यासही आपण का हरलो हे कळले पाहिजे, आणि जिंकण्याजोग्या माणसाने एका न लिहिलेल्या शब्दापायी हरता कामा नये. या दिवाळीत जे वाचक गावी जातील, त्यांनी सातबारा आणि त्यावरील फेरफार यांचे उतारे एकदा काढून पाहावे. आजोबांचे नाव तेथे तसेच असेल, तर वारसांची नोंद लावण्यासाठी त्याच खेपेस तलाठ्याकडे अर्ज द्यावा. तोवर कोणाचे भांडण झालेले नसते.